माशाचं तोंड कुणाकडे

“मासा गार झाला की हिवसट लागतो, हे आता या शहाण्यांना मी सांगायचं!” रुइफांग चुलीपाशी झाऱ्यालाच ऐकवत होती.

बाहेर मंडळी अजून उभीच. दाराकडे तोंड असलेली मानाची जागा रिकामी, आणि तिथे बसायला कुणी तयार नाही. तिचा धाकटा भाऊ शाओची जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी. तो म्हणत होता, “गुरुजी, तुमच्यासमोर मी कसा बसू?” गावच्या शाळेचे म्हातारे गुरुजी म्हणत होते, “एवढा साहेब झालास, बस मुकाट्याने!” दोघांनी एकमेकांच्या बाह्या अशा धरल्या होत्या, की परक्याला वाटावं मारामारीच जुंपलीय. तिचा नवरा फान मध्ये उभा राहून दोन्हीकडे बघून हसत होता. त्याला जन्मभर तेवढंच जमलं होतं.

मघाशी शाओची हात धुवायला आत आला, तेव्हा तिने त्याला गाठलंच होतं.

“आपली शाळा बंद करू नकोस रे. माझी पोर माइमाइ अजून माझा कान धरून झोपते. तिने आठवडाभर बाजारगावच्या वसतिगृहात राहायचं?”

“ताई, पट कमी असला तरी शाळा चालू ठेवणं माझ्या हातात आहे. पण मग इथे कुणी तरणा शिक्षक पाठवावा लागेल.”

“मग पाठव की!”

“आणि गुरुजींना काय सांगू?” तो हात पुसतच राहिला. कोरडे झाले तरी पुसत राहिला. “त्यापेक्षा वरून हुकूम आला, शाळाच गेली, म्हटलं की कुणाचा मान जात नाही.”

रुइफांगच्या हातातली कांद्याची पात हातातच राहिली. या माणसाने जिल्ह्यातल्या जुन्या शाळांवर उशीएवढा जाड ग्रंथ लिहिला होता. आणि एका म्हाताऱ्याला एक वाक्य ऐकवायला नको, म्हणून चालती शाळा पुरायला निघाला होता! विद्वान म्हणतात ते यालाच असेल, तर आपण चुलीपाशी बऱ्या.

बरं, गाव तरी कुठे वेगळं होतं? गुरुजी वर्गात फळ्याकडे तोंड करून शाबासकी देत, मग त्यावर पोरांनी धडा लिहिलेला असो की बदक काढलेलं असो. घरोघर आईबाप पोरांना तोच धडा पुन्हा शिकवत आणि गुरुजी दिसले की वाकून नमस्कार करत. एक दिवस शिकवलं तो जन्माचा बाप, असं सगळ्यांना त्यांनीच तर शिकवलं होतं.

शेवटी गुरुजींना खांदे दाबून बसवलं. रुइफांगने मासा आणला. माशाचं तोंड ज्याच्याकडे, मान त्याचा. त्याने पेला रिकामा केल्याशिवाय कुणी माशाला हात लावायचा नाही. शाओचीने ताट गुरुजींकडे फिरवलं. गुरुजींनी चाचपून कड शोधली आणि ते परत साहेबाकडे वळवलं. पुन्हा इकडे. पुन्हा तिकडे.

“मासा मेलाय, त्याला चक्कर यायची नाही,” रुइफांग म्हणाली. “मला मात्र यायला लागलीय.”

हशा पिकला. तेवढ्यात फानने ताट गुरुजींसमोर दाबून धरलं. गुरुजींनी दारू घेतली, जेवायच्या काड्यांनी एक तुकडा निवडून उचलला आणि अदमासाने शाओचीच्या वाडग्यात ठेवला.

“घे. माशाच्या गालाचं मांस. लहानपणी यासाठी भांडायचास.”

तो आल्याचा जाड तुकडा होता. सगळ्यांनी पाहिलं. फानने पेल्यात डोकं घातलं. शाओचीने दोन्ही हातांनी वाडगा उचलला, तुकडा तोंडात टाकला आणि चावू लागला. डोळ्यांत पाणी आलं तरी चावत राहिला.

“वा गुरुजी! काय कोवळं आहे!”

गुरुजींचा चेहरा खुलला. बाकीचे घाईघाईने माशावर तुटून पडले.

रुइफांग भावाच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत होती. शाळासुद्धा हा असाच गिळणार, डोळे पुसत, वा म्हणत. तिने कमरेचं फडकं सोडलं, स्टूल ओढलं आणि कधी नव्हे ती गुरुजींच्या शेजारी टेकली.

“ताई,” शाओची तोंडातल्या आल्यासकट म्हणाला, “भाजी करपतेय बघ.”

“करपू दे.” तिने गुरुजींच्या हातावर आपला ओला हात ठेवला. “गुरुजी, तुम्ही त्याला मासा नाही, आलं वाढलंत. तुम्हाला दिसत नाही. फळाही दिसत नाही, कधीपासूनच. आता शिकवणं थांबवा, म्हणजे शाळा राहील.”