वेबसाइटची भवानी

"बाई, आज मी बारा येळा दाबलो," तुरीची डाळ तोलता तोलता उमाशंकर म्हणाला.

शिवगंगाबाईंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं होतं. "काय दाबलास?"

"तुमच्या वेबसाइटवरच्या जाहिराती. काल धा, आज बारा. आमच्या घरातलीबी दाबून राहिली. भाकरी झाल्या की बसती फोन घिऊन."

डाळ पिशवीत पडली तरी बाईंचे हात तसेच राहिले. देवणीच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं होतं. आज किराणा दुकानाचा मालक असलेला उमाशंकर त्यांच्याच वर्गातून पाचवी पास झाला होता.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"तुमचे मालकच सांगितले की. दुकानांच्या सगळ्या लाईनीला सांगून ठेवलेत. मोंढ्यातले आडते तर लई इमानदारीनं दाबून राहिलेत."

"आणि वाचलास काय?"

"वाचायला टाइम कुठं हाय बाई. गिऱ्हाईक असतंय."

बाई पैसे देऊन घरी निघाल्या. एरवी रस्त्यात चार माणसं नमस्कार करायची, त्या थांबायच्या. आज प्रत्येक नमस्कारात त्यांना एक बोट दिसत होतं, फोनवर टेकलेलं.

वेबसाइट काढून दिली होती त्यांच्या मुलानं, संगमेश्वरनं. तो लातूरला बँकेत होता. निवृत्तीनंतर आईचा वेळ जावा एवढाच त्याचा हेतू होता. पण बाईंनी ते मनावर घेतलं. दर आठवड्याला गणिताचा एक धडा, मुलाशी समोर बसून बोलावं तसा. उदाहरणं इकडचीच, आठवडी बाजारातली, एसटीतली, शेतातली. दोन वर्षांत एकही आठवडा चुकला नव्हता. दर दिवाळीला नूतनीकरणाचे पैसे भरताना संगमेश्वर विचारायचा, "आई, हे वाचतंय कोण?" तो टोमणा नसायचा, म्हणूनच जास्त लागायचा.

"पहिली कमाई येऊ दे," बाई म्हणायच्या. "मग तुलाही कळेल आणि मलाही."

कुणी जाहिरातीवर बोट दाबलं की थोडे पैसे जमायचे, पण जाहिरातींची कंपनी ठरावीक रक्कम साठल्याशिवाय काहीच पाठवत नसे. दोन वर्षं तो आकडा जागचा हलायलाच तयार नव्हता. बाई रोज सकाळी पूजा आटोपली की कमाईचं पान उघडायच्या, बघायच्या आणि मिटायच्या. गेल्या तीन आठवड्यांत मात्र आकडा धावत सुटला आणि सोमवारी त्यानं ठरलेली रक्कम ओलांडली. त्या दिवशी बाईंनी गोडाची हुग्गी केली. सहामाही परीक्षा जवळ आल्यात, कुठल्यातरी शाळेत गुरुजींनी वर्गाला धडा दाखवला असेल, एका फोनवर चार डोकी वाकली असतील, असं चित्र त्यांनी मनाशी रंगवलं होतं. त्या चारही डोक्यांचे भांग कुठून पाडलेत, तेसुद्धा त्यांना दिसत होतं.

दुपारी बाईंचे यजमान महादेवप्पा आपल्या कापडाच्या दुकानातून जेवायला आले. ताट वाढायच्या आधीच बाईंनी विचारलं, "तुम्ही लोकांना जाहिराती दाबायला सांगितलंत?"

"कोण फोडलं हे? मी म्हनलो होतो, पैसे जमा झाल्याशिवाय हिला सांगायचं न्हाई."

"दाबू नका म्हणून मी तुम्हाला बजावलं होतं. नियम वाचून दाखवला होता."

"मी कुठं दाबलो?" महादेवप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. "एक डाव सुदिक दाबलो न्हाई. तू मला न्हाई म्हनलीस, मी लोकांला सांगितलो."

बाईंना हसू आलं, आणि हसू आलं याचाच राग आला.

"अगं, दुकान काढलं की पैल्या गिऱ्हाईकाची भवानी कोण करतंय? शेजारीच की. आपलं दुकान उघडलं, तवा शेजारच्या बजरंगचा बाप पैला येऊन टावेल नेला. त्याला काय टावेल लागत होता? आन् त्याच्या हाटेलाच्या पैल्या दिवशी मी चार चहा पिलो. पित्त झालं मला. मग मी लाईनीला म्हनलो, बाईंच्या दुकानाची भवानी करू." ते पाटावर टेकले. "दोन साल झाले, तू दुकान उघडं ठिवून बसलीस. रोज सकाळी तुझं तोंड बघून राहिलो मी. मला बघवंना."

राग आता कुठे ठेवायचा तेच शिवगंगाबाईंना कळेना. त्यांनी भाकरी वाढली, वरण वाढलं.

"टॉवेलाचे पैसे बजरंगच्या बापानं स्वतःच्या खिशातून दिले होते," त्या म्हणाल्या. "हे पैसे जाहिरात देणाऱ्या तिसऱ्याच्या खिशातले आहेत. त्याला वाटतंय, खरंच गिऱ्हाईक आलं."

"तो तिसरा आपल्यापेक्षा लई मोठा असंल."

"असू द्या की. आणि एवढ्या माणसांत वाचलं कुणी?"

"वाचायला ती काय पाचवीत हायत?"

महादेवप्पा जेवले, हात धुतले आणि उठता उठता म्हणाले, "आजपासून बंद करा म्हणून सांगतो सगळ्यांला. झालं ते झालं. कुणाला कळतंय? येऊ दे पैसे."

बाई तिथंच बसून राहिल्या. कुणाला कळणार नव्हतं, हे खरं होतं. संगमेश्वरला कमाई दाखवता आली असती. पण ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ती कमाई हवी होती, तो प्रश्न जिथल्या तिथंच होता. वर्गात कुणी बघून लिहिलं आणि पकडण्याआधी आपणहून उभं राहिलं, तर त्या मुलाला बाई कधी बोलल्या नव्हत्या. आता त्या स्वतः उभ्या राहिल्या. शब्दकोश घेऊन त्यांनी कंपनीला चार ओळींचं इंग्रजी पत्र लिहिलं. माझ्या माणसांनी मायेपोटी हे केलं आहे, त्यांचं तेवढं वगळा आणि बाकीचं ठेवा.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. खातं कायमचं बंद. साठलेली सगळी रक्कम जाहिरातदारांना परत. वगळणं नाही, ठेवणं नाही. दोन वर्षांत खऱ्या वाचकांमुळे जे काही थोडंफार जमलं असेल, तेही गेलं. खाली सही कुणाची म्हणून बाईंनी पाहिलं. कुणाचंच नाव नव्हतं.

"आई, तू सांगितलंसच कशाला?" संगमेश्वर फोनवर म्हणाला. "सगळे करतात असलं. आता बंदच करू या का? दिवाळी आली, परत पैसे भरावे लागतील."

"बघू," बाई म्हणाल्या. याआधी त्या कधीच बघू म्हणाल्या नव्हत्या.

जाहिराती गेल्या तरी त्यांच्या जागा प्रत्येक धड्यात पांढऱ्या चौकोनांसारख्या उरल्या. ते बघवेना, म्हणून एका दुपारी बाई एकेक धडा उघडून चौकोन काढू लागल्या. ते करताना वाचकांच्या प्रतिक्रियांचा कप्पा समोर आला. बाईंनी मंजुरी दिल्याशिवाय तिथला मजकूर वेबसाइटवर दिसत नसे. पहिल्या वर्षी त्यांनी तो उघडला, तेव्हा आत नुसती कर्जं आणि केस वाढवायची औषधं निघाली होती. तेव्हापासून तिकडे त्या फिरकल्या नव्हत्या. आता आवरायलाच बसलो आहोत तर तेही आवरू, म्हणून त्या एकेक कचरा पुसत खाली आल्या.

त्यात तीन प्रतिक्रिया मराठीत होत्या. तिन्ही जून महिन्यातल्या, एकाच मुलीच्या.

"मी गीतांजली, इयत्ता सहावी, हिमायतनगर. बाई, केळीच्या उदाहरणाचं उत्तर २०१६ येत आहे. तुमचं १९१६ आहे. मी तीन वेळा करून बघितलं."

आठ दिवसांनी, "बाई, माझं कुठं चुकलं ते सांगा ना."

आणखी आठ दिवसांनी, "आमचे सर म्हणाले, वेबसाइटवर आहे म्हणजे ते बरोबरच असेल. मी वहीतलं माझं उत्तर खोडलं."

बाईंनी वही ओढली. अर्धापूरहून आलेल्या गाडीत केळीचे सोळा घड, एका घडाला नऊ फण्या, एका फणीत चौदा केळी. एकशे चव्वेचाळीस गुणिले चौदा. खाली एक हजार चारशे चाळीस आणि पाचशे शहात्तर. बेरीज करताना शतकाच्या घरात त्यांचं पेन थांबलं. दशकाचा हातचा तिथं मिळवायचा राहिला होता.

दोन वर्षांत हा धडा मन लावून वाचणारं एक माणूस होतं. चार महिने ते उत्तराची वाट बघत होतं, आणि बाई कमाईचं पान उघडून बघत होत्या.

त्यांनी धड्यातला आकडा दुरुस्त केला. मग तिन्ही प्रतिक्रियांना मंजुरी दिली आणि मुलीच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं, "गीतांजली, तुझं उत्तर बरोबर आहे. चूक माझी आहे, हातचा मिळवायचा राहिला. वहीत तुझं उत्तर परत लिही. शक्य झालं तर सरांनाही दाखव."

मुलीचा फोन नंबर नव्हता, पत्ता नव्हता. ती परत कधी या पानावर येईल, असं मानायला काही कारणही नव्हतं.

पाच वाजता महादेवप्पा चहाला आले, तेव्हा बाई पहिला धडा उघडून बसल्या होत्या. शेजारी कोरी वही होती आणि तिच्यावर आकडेमोड चालली होती.

"ते तर बंद झालं म्हनलीस," ते म्हणाले. "मग आता काय करून राहिलीस?"

"तपासून राहिले," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं उदाहरण मांडलं.