जुळवलेला रंग

डबा घेऊन सून घराच्या कोपऱ्यामागे वळली, मागून कोणी येत नाही हे पाहिलं आणि एप्रनच्या खिशातून तांबड्या भुकटीची पिशवी काढली. एक चमचा टाकून ढवळलं. अजून अर्धा. मग काळ्याची एक चिमूट. डब्यातला मातकट पिवळा रंग हळूहळू विटकरी झाला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

मागच्या हिवाळ्यापासून हे असंच चाललं होतं. रंग सासऱ्यांनी कालवायचा, डबा तिनं न्यायचा आणि वाटेत गुपचूप दुरुस्त करायचा. काँक्रीटचा हा रंग भिंतीच्या रंगासारखा वर बसत नाही, आत मुरतो. एकदा मुरला की ऊन, पाऊस, गारठा सगळं सोसून तसाच राहतो. चुकला असला तरी तसाच राहतो, हीच त्यातली मेख.

सासऱ्यांना, म्हणजे मिस्त्रींना, वजनकाटा मान्य नव्हता. प्रत्येक काँक्रीट वेगळं पितं, त्यामुळे काटा किराणावाल्याला आणि आपल्याला डोळा, असं त्यांचं म्हणणं. त्या डोळ्यावरून घरात सारखी वादावादी व्हायची. मुलगा म्हणायचा, बाबा, तुम्ही हल्ली चहा कपाबाहेर ओतता, एकदा डॉक्टरांना दाखवू या. मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असायचं.

"डोळे गेले असते तर रंग चुकला असता. चुकलाय एक तरी? विचार तुझ्या बायकोला. ज्या दिवशी चुकेल, त्या दिवशी मी आपणहून येतो."

सून ताटं उचलायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला वाटायचं. माणूस जन्मभर ज्या एका गोष्टीच्या जोरावर ताठ चालला, तीच त्याच्याकडून काढून घ्यायची, आणि तीही सुनेनं? तिला ते पाप वाटायचं.

आजचं काम नाजूक होतं. या घराचं मागचं अंगण मिस्त्रींनीच कितीतरी वर्षांपूर्वी रंगवलेलं होतं आणि ते अजून टवटवीत होतं. आता त्याला लागून नव्या रुंद पायऱ्या झाल्या होत्या. घरमालकीणबाईंचं एकच सांगणं होतं: अंगणाला जुळायला हव्यात. आणि दुपारपासून आभाळ भरून येत होतं.

"सूनबाई, डबा न्यायला गेलीस की माहेरी?" फाटकाजवळच्या टेम्पोपाशी उभे राहून मिस्त्री ओरडले.

"लावतेय, बाबा!"

गवतावर उभं राहून तिनं वरच्या पायरीला ब्रश लावला. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरीला हात घालते तोच मागे पावलं वाजली. मिस्त्री येत होते आणि त्यांच्या हातात दुसरा डबा होता. तिनं हात पुढे केला.

"तो इकडे द्या, मी ढवळून घेते."

"ढवळलाय. पावसाला काय तुझ्यासाठी थांब म्हणू? तू वरून ये, मी खालून येतो."

ते गुडघ्यावर बसले आणि सगळ्यात खालच्या पायरीवर ब्रश फिरायला लागला. या वयातही हात कसा सरळ चालायचा! रोखायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. कदाचित आजचा बरोबर जमला असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि तिसऱ्या पायरीला ब्रश लावला. ओल्यात दोन्ही रंग काळपटच दिसत होते. वारं सुटलं होतं. वारं जसं रंग वाळवत गेलं, तसा वरचा भाग अंगणासारखा होत गेला आणि खालचा पिवळा पडत गेला. मधल्या पायरीवर दोघांचे ब्रश एकमेकांना भिडले.

घरमालकीणबाई दारात आल्या आणि थबकल्या.

"मिस्त्री, हे काय? वर एक रंग आणि खाली दुसराच?"

मिस्त्री हसले. "वाळू द्या, ताई. ओला रंग फसवतो."

"वाळलाय की."

मिस्त्री वाकले. वर पाहिलं, खाली पाहिलं, अंगणाकडे पाहिलं. "एकच तर आहे. दोन्ही डबे माझ्याच हातचे." मग ते सुनेकडे वळले. "सांग गं यांना."

खोटं तिच्या जिभेवर तयार होतं. खालच्या पायऱ्यांचं सिमेंट वेगळं असेल, असं म्हटलं की निभावलं असतं. बाईंनी कुरकुर केली असती, पण विषय तिथेच मिटला असता. तिनं मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर जराही शंका नव्हती, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"वेगळे आहेत, बाबा."

"कुठला चुकलाय?"

"खालचा."

"म्हणजे माझा." त्यांनी वरच्या पायरीकडे मान वळवली. "मग वरचा कोणाचा?"

तिनं खिशातली पिशवी काढून त्यांच्यासमोर गवतावर ठेवली. मिस्त्रींनी ती चाचपली आणि बोटाला लागलेली भुकटी अंगठ्यानं चोळली.

"कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून."

बाई आत गेल्या. मिस्त्रींनी डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि ते सुनेकडे पाहत राहिले. मग हात उजव्या डोळ्यावर धरला, पुन्हा डाव्यावर.

"उजव्यानं तू दिसतच नाहीस," ते म्हणाले.

"बाबा, मला वाटलं तुमच्या जिवाला लागेल."

"लागलंच असतं." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून तिला जास्त भीती वाटली. "मला शंका नव्हती का? प्रत्येक काम झालं की मी उभा राहून बघायचो. गिऱ्हाईक खूश असायचं. मी म्हणायचो, जुळलंय, म्हणजे डोळा ठीक आहे. तेवढ्यावर दिवस ढकलले मी." त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "एकदा तरी चुकू द्यायचं होतंस, पोरी."

तिला रडू आवरेना. ती तशीच उठली आणि पायऱ्यांवर प्लॅस्टिक अंथरायला लागली. मिस्त्री अंगणाच्या कडेला बसून होते.

"राहू दे ते," ते म्हणाले. "त्याला फोन लाव. म्हणावं, येतोय मी."

तिनं नवऱ्याला फोन लावला आणि पुढे धरला. मिस्त्रींचा हात फोनच्या बाजूनं निघून गेला. फोन त्यांच्या पंज्यात सरकवावा असं तिला फार वाटलं. ती फोन तसाच धरून थांबली, त्यांना तो सापडेपर्यंत.