बारावे नाव

मी एक जुना ढोल आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे.

ठम्.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, आमच्या गावात दोन हायस्कुले होती. एक गोऱ्यांचे, एक आमचे, काळ्यांचे. आमच्या शाळेला बँड हवा होता, तेव्हा बायकांनी चर्चच्या मागे सहा शनिवार मासे तळून विकले. त्या माशांतून मी आलो. बँड शिकवणाऱ्या होसिया ग्रेडी सरांनी माझ्या कातड्यावर निळ्या रंगात शाळेचे नाव काढले. शेवटचे अक्षर जरा तिरके गेले. ते तसेच राहिले आणि तेच आमचे झाले.

दर मे महिन्यात एक गोष्ट होई. शाळा संपवून जाणारा ढोलवाला किल्लीने माझे स्क्रू सोडवी, कातडे काढी आणि माझ्या लाकडी पोटात आपले नाव लिही. मग किल्ली पुढच्याच्या गळ्यात. अशी अकरा नावे माझ्या आत जमली. बाहेरून दिसत नाहीत.

बारावी लॅव्होनिया टिब्स. ती मला उचलायला आली तेव्हा पोरे म्हणाली, "ढोलच तुला उचलून नेईल गं." तिने मला पोटाशी बांधले आणि गावाच्या टोकापर्यंत चालत गेली. तिच्या कमरेवर माझ्या कडेचा काळानिळा वळ उठला. तो वर्षभर गेला नाही.

ठम्.

मग कोर्टाने सांगितले की मुले एकत्र शिकतील. चांगली गोष्ट होती. पण एकत्र म्हणजे त्यांच्या शाळेत. आमची शाळा बंद झाली. आमचे चषक कचऱ्याच्या गाडीत पडले. मला डोळे नाहीत, मित्रांनो. पडल्याचा आवाज मी ऐकला.

ग्रेडी सरांनी तो सगळा उन्हाळा वाद्ये घासली. प्रत्येक वाद्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आणि वळणदार अक्षरात त्या त्या मुलाचे नाव लिहिले, म्हणजे नव्या शाळेत ज्याचे त्याला मिळेल. सरांना खरेच तसे वाटले होते. नव्या शाळेच्या व्हिटलो सरांनी चिठ्ठ्या कात्रीने कापल्या आणि वाद्ये आपल्या मुलांना वाटली. ग्रेडी सरांना शाळेची बस चालवायला दिली. बारा वर्षे बँड शिकवलेल्या माणसाला.

मी जड. मला कोणी घेईना. म्हणून मी लॅव्होनियाकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी मला पांढरा रंग फासला. ब्रश थंड होता. तिरके अक्षर सर्वांत शेवटी बुजले.

ठम्.

शुक्रवारी फुटबॉलचा सामना. मैदानाकडे जाताना बसमध्ये मी ग्रेडी सरांच्या मागच्या सीटवर होतो, लॅव्होनियाच्या मांडीवर. बँडला एक गाणे वाजवायचे होते. आमच्या खापरपणज्यांना ज्यांनी गुलाम म्हणून विकत घेतले, त्यांच्या फौजेचे गाणे. सुरुवात ढोलाने. चार ठोके.

सर म्हणाले, "वाजवलं नाहीस आणि बँडमधून काढलं तर कॉलेजची शिष्यवृत्ती गेली. दुसरा रस्ता नाहीये तुला, पोरी."

"माहितेय."

"चार ठोके आहेत फक्त."

"सर, तुम्ही त्या चिठ्ठ्यांवर केवढं सुंदर अक्षर काढलं होतंत," लॅव्होनिया म्हणाली. "त्यांच्यावर विश्वास ठेवून."

सरांच्या हातात गिअर करकरला.

मैदानावर लोक उठून उभे राहिले. व्हिटलो सरांनी काठी वर केली.

.

.

.

.

गर्दीतून कोणीतरी ओरडले, "ढोल झोपला की काय?" लोक हसले. व्हिटलो सर जवळ आले.

"टिब्स, वाजव."

"नाही, सर."

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले, सर."

तिचा तळहात माझ्या कातड्यावर घट्ट दाबलेला होता. इतरांच्या आवाजानेही मी चुकून घुमू नये म्हणून. मी घुमलो नाही. कर्ण्यांनी कसेबसे गाणे सुरू केले, पण पाय कोणाचेच जुळेनात.

सोमवारी तिला बँडमधून काढले आणि मला प्रेक्षकांच्या बाकांखालच्या खोलीत ठेवून यायला सांगितले. तिने ठेवले. मग गळ्यातली किल्ली काढून माझे स्क्रू सोडवू लागली. ग्रेडी सर दारात येऊन उभे राहिले.

"नाव मे महिन्यात लिहायचं असतं," ते म्हणाले.

"मे महिन्यात मला इथं कोण येऊ देणारे?"

सरांनी खिशातून पेन्सिल काढून दिली. चिठ्ठ्या लिहिल्या होत्या तीच. लॅव्होनियाने अकरा नावांखाली लिहिले:

लॅव्होनिया टिब्स, १९७०. वाजवला नाही.

तिने कातडे परत बसवले. किल्ली गळ्यात घातली. पुढे द्यायला कोणी नव्हते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे म्हणून मी आता थांबायला हवे. नाही म्हणणार. मला पांढरे करणाऱ्यांनीही काळजीच घेतली होती. मला पुसू नका, चमकवू नका, काचेच्या कपाटात ठेवू नका. उघडा. बारा नावे मोठ्याने वाचा. आणि बारावे वाचून झाले की चार ठोक्यांइतका वेळ कोणीही काहीही वाजवू नका.