गाळाखाली गेलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना मोजखांब आहे. विजेचा नव्हे आणि कुंपणाचाही नव्हे. भीमेला किती पाणी चढलं हे सांगणारा सरकारी खांब! अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर, आणि घाटाच्या भिंतीला टेकून मी उभा. माझ्या अंगावर खालून वर एक ते नऊ आकडे आहेत. इथे टिपूस पडो न पडो, वर धरणातून पाणी सोडलं की नदी फुगतेच. म्हणून माझा जीव कधी थाऱ्यावर नसतो. आत्ताही नाही.

मला बसवायला पाटबंधारे खात्याची माणसं तीन पायांची दुर्बीण घेऊन आली होती. बोटभर उंचीवरून ती दुपारभर वाद घालत बसली. केवढा तोरा होता तेव्हा माझा! माझे आकडे पुण्याला जात आणि त्यांवरून पुराचे इशारे निघत. गावाने तर आपला कायदाच ठरवला होता. पाचला नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी काढायच्या आणि सातला खालची वस्ती सोडायची. सातला वस्तीमागचा ओढा भरतो आणि वाट बंद होते. माणसं सोयरिकीची तारीख विसरतील, पण पाच आणि सात विसरायची नाहीत.

पण कौतुक किती दिवस पुरणार? माझा रंग उडाला. दर पुरात पायाशी गाळ बसत गेला आणि एके वर्षी माझा ‘एक’ पुरता त्याखाली गेला. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मी मात्र आतल्या आत तडफडत होतो.

उन्हाळ्यात सरकारी साहेब येणार अशी बातमी आली. पाहुणा यायचा म्हटल्यावर आमच्या गावात बैलाची शिंगंसुद्धा रंगवतात, मग मी कसा सुटणार! सरपंच जयसिंग आबांनी भिमाजीला बोलावलं. भिमाजी शिक्रापूरला ट्रकांच्या मागे अक्षरं काढतो. हात असा सुरेख, की बघत राहावं.

“भिमाजी, खांब कसा नवरदेवावानी दिसला पायजे,” आबा म्हणाले.

“तुम्ही बघाच आबा. फोटू काढतील लोकं!”

त्याने मला घासलं आणि पांढरा ऑइल पेंट दिला. मग बसला माझ्यापुढे आणि खालून पहिला आकडा काढला. जमिनीला लागून, गाळाच्या वर. एक! अरे बाबा, तिथे दोन हवा रे! पण खांबाचं कोण ऐकतो? दोनच्या जागी एक, तीनच्या जागी दोन, असा तो वरपर्यंत चढत गेला. मी देखणा झालो आणि लबाड झालो. साहेब आले, वा वा म्हणाले, नारळपाणी प्याले आणि गेले.

पावसाळ्यात माझे आकडे टिपायला गौतमी नावाची नवी मुलगी कामाला लागली. इतके ठसठशीत आकडे बघून तिलाही शंका आली नाही.

आणि श्रावणात वरून पाणी सुटलं. नदी तांबडी होऊन धावत आली. मी चार दाखवत होतो आणि पाणी पाचला होतं. एवढ्यात जयसिंग आबा ओरडत आले.

“आरं, खांबावर चारच हाय आन् माझी मोटार बुडाली कशी?”

गौतमी माझ्याकडे बघतच राहिली. मग पूर बघायला घाटावर आलेल्या भिमाजीला तिने विचारलं, “मामा, एक कुठनं धरला तुम्ही?”

“जमिनीपासनं. आन् कुठनं धरायचा?”

“आन् जमीन कुठनं आली? गाळ हाय त्यो!”

गौतमी वस्तीकडे पळाली. एकेक घर भराभर निघालं, पण भिमाजीची आई आक्काबाई हलेना. दावणीला तिची नुकती व्यालेली म्हैस होती. तिच्या दारातून मी स्पष्ट दिसतो. तिला वाचता येत नाही, पण लेकाचे आकडे मात्र ती ओळखते.

“अजून सहाच हाय,” ती गौतमीला म्हणाली. “सात झालं की निघंन. माझ्या लेकानं काढल्यात आकडं, चुकतील व्हय?”

मित्रांनो, पाणी सातला लागलं होतं! ओढा भरू लागला होता. मी खोटं बोलत होतो आणि एक म्हातारी त्याच्या भरवशावर बसली होती. जळो तो माझा देखणेपणा!

घाटावरून भिमाजी कळवळून ओरडला, “आये, ह्यो खोटा हाय! म्या चुकलोय!” पण नदीच्या आवाजात ते पोचणार कसं? मग त्याने कमरेला दोर बांधला आणि त्याचं टोक आबांच्या हातात दिलं. भिंतीवरून तो माझ्यापाशी उतरला. भिंतीवर साचलेला चिखल मुठीमुठीने उचलून त्याने माझ्या अंगावर फासला. पाण्यावर दिसणारे त्याचे सगळे आकडे त्याने आपल्या हाताने बुजवले. आयुष्यात इतका काळा मी कधी झालो नव्हतो आणि इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं.

आक्काबाई उभी राहिली. “माझ्या लेकानं सवताच्या आक्षरावर चिखल फासला?” ती गौतमीला म्हणाली. “मग खरंच कायतरी चुकलंय गं.” तिने म्हैस सोडली, गौतमीने पारडू खांद्यावर घेतलं. ओढ्याचं पाणी गुडघ्याला लागलं, पण त्या पार झाल्या. थोड्याच वेळात ती वाट दिसेनाशी झाली.

पुढे दुर्बीणवाले पुन्हा आले. पायाशी साचलेला गाळ उपसून त्यांनी मला नवे आकडे दिले. आता आक्काबाई येता-जाता माझ्यावर थाप मारून विचारते, “खरं बोलतूयास न्हवं?”

आज खरं बोलतोय, आक्काबाई. उद्याचं सांगवत नाही. कालच्या पाण्याने पायाशी वीतभर गाळ आणून टाकलाय आणि वर आभाळ भरलंय. मित्रांनो, रंगाचा डबा घरीच राहू द्या. आधी फावडं घेऊन या!