सवतीची तार

नवऱ्याच्या हॅम रेडिओला, दोन्हीकडून बोलता येणाऱ्या त्या यंत्राला, ती आयुष्यभर सवत म्हणत आली. नवरा दर रविवारी संध्याकाळी ताट निवू देऊन त्याच्यापुढे बसायचा आणि समुद्रापलीकडच्या दोस्ताशी गप्पा छाटायचा. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. दोस्त दर वेळी म्हणायचा, "वहिनींना नमस्कार सांग." ती स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "पोचला म्हणावं!" माइकपुढे मात्र कधी आली नाही.

नवऱ्याच्या आजारपणात गच्चीवरची रेडिओच्या अँटेनाची तार वाऱ्याने तुटली. "बरा झालो की बांधतो," म्हणाला. बरा काही झाला नाही. आता तो गेल्याचं दोस्ताला कोण कळवणार? त्याचा ना पत्ता ठाऊक, ना फोन. बिचारा अजून हाका मारत असेल, या विचाराने तिला घास गिळवेना.

आज रविवार. दिराकडेही रेडिओवर बोलायचा परवाना होता. त्याला घेऊन ती दुपारीच गच्चीवर चढली. तार लोखंडी खांबाला बांधून तिने करकचून ताणली.

"वहिनी, चादरी वाळत घालायच्यात का?" दीर म्हणाला. "सैल सोडा, नाहीतर वाऱ्याने पुन्हा तुटेल. आणि थेट खांबाला नको, लोखंड रेडिओच्या लहरी गिळून टाकतं. मधे तार खांबापासून अलग ठेवणारा चिनी मातीचा मणी होता, तो फुटलाय. प्लास्टिकचं काही आहे?"

ती खाली गेली. मोरीतल्या पेल्यात नवऱ्याचा दात घासायचा ब्रश अजून तसाच होता. तो घेऊन ती वर आली.

"चालेल?"

दिराने तो हातात घेतला, जरा वेळ नुसता पाहिला. "चालेल," म्हणाला.

ब्रशच्या एका टोकाला तार, दुसऱ्याला दोरी, दोरी खांबाला. तार वाऱ्यावर हलकेच झुलायला लागली. तिला ते ढिसाळ वाटलं, पण तिने ती पुन्हा ताणली नाही.

संध्याकाळी बराच वेळ नुसती खरखर. मग त्यातून आवाज आला, "आहेस का रे? आजही नाहीस? बरं. मी आहे."

दिराने माइक उचलला. "मी सांगू?"

"नको," ती म्हणाली. "नमस्कार माझ्या नावाने यायचे."

तिने बटण दाबलं. वाक्यं ठरवून ठेवली होती, ऐन वेळी एकही आठवेना.

"भाऊजी, मी बोलतेय. तुमचे सगळे नमस्कार पोचले."

तिने बटण सोडलं. खरखर तेवढी चालू राहिली.

"कळलं, वहिनी," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही जेवलात का?"

इतके दिवस आवरून धरलेलं रडू तिला तिथेच, माइकपुढे फुटलं.