खाचेचा कान

थोरल्या जाऊबाईने आपल्या अकरा शेळ्या एका सकाळी सोडून नेल्या, त्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं. थोरले दीर जाऊन सहा महिने झाले होते आणि पोट भरायला तिच्याकडे एवढ्या शेळ्याच उरल्या होत्या. त्या तिने चार घरी अर्धलीने दिल्या. तीन लोहाराकडे, दोन विणकराकडे, तीन मास्तरांकडे, तीन ओढ्यापल्याडच्या म्हातारीकडे. शेळी हिची, पोसायची त्यांनी, करडं निम्मी निम्मी.

आमचा पत्र्याचा नवा गोठा शेजारीच होता. आमच्या चौदा शेळ्यांत तिच्या सहज मावल्या असत्या. हे म्हणाले, ही माहेरी निघायच्या तयारीत आहे. मला वाटलं, तसं नाही, तिला आमचाच भरवसा नाही. दोन्हीपैकी काहीही असो, राग मला सारखाच आला.

ती दर आठवड्याला फेरी मारायची. एकदा मी सरपणाचं निमित्त करून मागे गेले. लोहार तिला सांगत होता की एक शेळी मेली, पुरूनसुद्धा टाकली. थोरलीने हळहळ केली नाही की आवाज चढवला नाही.

"कान कुठाय?" एवढंच तिने विचारलं.

तिच्या प्रत्येक शेळीच्या डाव्या कानाला खाच होती. मेली तर तो कान आणून दाखवायचा, असं तिने आधीच ठरवून घेतलं होतं. लोहार भाता उगाच जोरात ओढू लागला. दुसऱ्या दिवशी मेलेली शेळी त्याच्या मेव्हण्याच्या परसात पाला खाताना सापडली. मी घरी येऊन म्हटलं, हिला जिकडे तिकडे चोरच दिसतात. चोर खरंच सापडला होता, ते मात्र सांगायचं मी विसरले.

मग साथ आली. शेळ्यांची नाकं गळायला लागली, तोंडं फोडांनी भरली. एकीने चारा सोडला की शेजारची सोडायची. आठ दिवसांत आमचा गोठा रिकामा झाला. चौदाच्या चौदा गेल्या. हे दावी गोळा करत फिरायचे आणि मी चुलीपुढे नुसती बसून राहायचे.

थोरलीच्याही पाच गेल्या. लोहाराने तीन कान फडक्यात बांधून आणले, विणकराने दोन. ते हातात घेऊन ती उंबऱ्यातच बसली आणि हमसून रडली. खरं सांगते, मला ते रडणं खोटं वाटलं. मास्तरांकडच्या आणि ओढ्यापल्याडच्या सहा जिवंत होत्या ना तिच्या.

दोन महिन्यांनी ती एक गाभण शेळी घेऊन आमच्या दारात आली. मला वाटलं, मिरवायला आली. तिने दावं माझ्या हातात दिलं.

"अर्धलीने ठेव. गोठ्याला चुना मारलास ना?"

"जाऊबाई, तेव्हा आमच्यावर भरवसा नव्हता तुमचा. आता कुठून आला?"

"आताही नाही," ती म्हणाली. "माणसावर नाही, गोठ्यावर नाही, माझ्या नशिबावर तर मुळीच नाही. म्हणून तर चार घरं केली. तू पाचवी. मेली तर कान आणून दाखव."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण दावं मी सोडलं नाही.

शेळीला दोन करडं झाली, दोन्ही माद्या, पाठी. तोवर दर आठवड्याला थोरली येऊन कान चाचपायची आणि मी तोंड फिरवून उभी राहायचे. माझ्या वाट्याची पाठ मोठी झाली तेव्हा हे म्हणाले, गोठा पुन्हा भरू, सुरुवात झाली. पाठीच्या उजव्या कानाला मी स्वतः खाच पाडली आणि तिला कुंभारणीच्या घरी नेऊन बांधली.

कुंभारीण जुनी मैत्रीण माझी. तरी जाताना तिला कानाचं बजावून सांगितलं. तिचं तोंड एवढंसं झालं. मी पुढच्या आठवड्यात परत गेले, बघायला.