स्कॅनच्या आधीचा तास

कृष्णाबाईला सांगितलं होतं ते एवढंच, की इंजेक्शन दिल्यावर एक तास हलायचं नाही, काही चघळायचं नाही आणि बोलायचं तर अजिबात नाही. उरणहून नवी मुंबईच्या स्कॅन सेंटरला पोचेपर्यंत मुलगा विनेश गाडीत तिला हे चार वेळा बजावून मोकळा झाला. जणू बाई भलतीच बडबडी! अहो, तिच्या तोंडून दिवसाकाठी दहा शब्द निघाले तरी खूप. मिठागरं बंदराच्या कामात गेली, शेजारपाजार घरांना कुलपं लावून उलव्याच्या फ्लॅटमध्ये गेला, आणि ट्रेलरचा धंदा सांभाळायला विनेशही तिकडेच राहिला. आळीत दार उघडं असतं ते हिचं एकटीचं. बोलणार कुणाशी, पाट्यावरवंट्याशी?

वर्षापूर्वी तिच्या गळ्यातली कॅन्सरची गाठ काढली होती. त्यात आवाजाच्या दोन स्वरतंतूंपैकी डावा लुळा पडला, आणि उरलेला उजवा दोघांचं काम ओढत राहिला. आवाज घोगरा झाला, पण होता. आता गाठ परत आली नाही ना, एवढं बघायचं होतं. इंजेक्शनातून साखरेसारखं औषध अंगात सोडतात. शरीराचा जो भाग फार राबतो तो ही साखर ओढून घेतो आणि चित्रात उजळतो. गाठही तशीच ओढते. म्हणून आत बसलेल्या प्रत्येकाने तासभर गप्प राहायचं.

नातेवाइकांना त्या खोलीत मज्जाव. शेजारच्या खुर्चीत म्हसळ्याकडची राही होती, चाळिशीची, शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या छातीत गाठ निघाली होती आणि हा तिचा पहिलाच स्कॅन. अटेंडंट दार ओढून गेला तशी ती रडू लागली. मग हळूच तिने विचारलं, "मावशी, दुखतं काय हो आत?"

आता तुम्हीच सांगा, यावर गप्प कोण बसेल? कृष्णाबाईने आधी नुसती मान हलवली. राहीला तेवढ्याने धीर येईना. मग हिने सांगितलं, की दुखत नाही, नुसतं पडून राहायचं. मग ऑपरेशनची सगळी हकीकत सांगितली, मग नवरा बुधाजी कसा गेला ते, मग मिठागरात अनवाणी उभं राहून पायांना पडलेल्या भेगांचं. राहीने विचारावं आणि हिने सांगत जावं. दम लागत होता, घसा खरवडत होता, आणि तिला फार बरं वाटत होतं. अटेंडंट न्यायला आला तेव्हा दोघी शहाण्या मुलींसारख्या गप्प बसल्या होत्या.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. गळ्यात उजवीकडे, जिथे काहीच दिसायला नको होतं तिथे, एक लख्ख ठिपका होता.

"आजी, त्या तासात बोललात का?"

विनेशनेच परस्पर उत्तर दिलं, की छे, मी चांगलं बजावलं होतं. कृष्णाबाईनेही नकाराची मान हलवली. या वयात पोराचा ओरडा खायची तिला लाज वाटली.

डॉक्टर गंभीर झाल्या. मग उजव्या स्वरतंतूचा तुकडा काढून तपासावा लागेल, म्हणाल्या. त्याला इजा झाली तर आवाज जाऊ शकतो, हेही त्यांनी सांगितलं. विनेशने कपाळाचा घाम पुसला. जीव महत्त्वाचा, आवाजाचं काय एवढं, असं म्हणून तो तारीख विचारू लागला.

आवाजाचं काय! कृष्णाबाईला बोलायला माणूस नव्हतं हे खरं, पण पुढेमागे कुणी भेटलंच तर? चार दिवसांपूर्वी भेटलं होतंच की.

"बोल्ले मी," ती म्हणाली. "तासभर बोल्ले."

"कोनाशी, आये?"

"बाजूच्या बाईशी. तिनं इचारलं, मी सांगितलं. मना कोन काय इचारत न्हाय रं विनेश. तू फोन करतस, गोळ्या घेतल्यास काय म्हनतस, नि ठेवतस."

डॉक्टरांनी समजावलं, की एकच तंतू राबत असेल तर बोलल्याने तो असा एका बाजूला उजळतो. त्यांनी दुर्बिणीने आत पाहिलं, तंतू साफ दिसला. तुकडा काढणं तूर्त लांबलं. महिन्याभराने पुन्हा स्कॅन करायचं ठरलं, आणि या वेळी तोंड मिटून.

महिन्याने कृष्णाबाई त्याच खोलीत बसली. दार उघडताच तिने आधी खुर्च्या पाहून घेतल्या, पण राही नव्हती. एकमेकींचा नंबर घ्यायचं दोघींनाही सुचलं नव्हतं. शेजारी एक म्हातारा डोळे मिटून पडला होता. घड्याळाकडे बघत तिने तो तास काढला.

ठिपका गेला होता. गळा स्वच्छ होता. विनेशने हात जोडले, आणि डॉक्टरही खुशीत आल्या. "या वेळी अगदी चोख गप्प बसलात आजी. कसं जमवलंत?"

"त्यात काय," कृष्णाबाई म्हणाली. "घरी सवय हाय."

डॉक्टरांना गंमत वाटली, त्या हसल्या. निघायला उठलेला विनेश पुन्हा खुर्चीत बसला.